रेजीनची विजेची पेटी

रेजीन,

तुझी गाण्याची विजेची पेटी पोलिसांनी बैलगाडीत घालून नेली तेव्हा तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. पिन पॉइंटातून काढलेली होती, वायर बाजूला लोंबत होती, तरी इनासकाकांच्या अंगणात लग्नाला जमलेली वीस-पंचवीस माणसं चार हात लांब उभी होती. शेवटी एका शिपायाने हातांना गोणपाट गुंडाळलं आणि झोपलेलं जनावर उचलावं तशी ती उचलली. झाकण अर्धवट उघडं होतं. वाजायची राहिलेली रेकॉर्ड आत तशीच होती.

कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाच्या हातात असलं यंत्र द्यायचंच कशाला? विजेतलं तिला काय कळणार?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथेच होते. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

त्याला आज सव्वीस दिवस झाले. या दिवसांत पापडी गावात जो भेटतो तो मला तेच सांगतो. बाजारात केळी घेताना, शाळेच्या पायरीवर, विहिरीवर. "चांगली होती बिचारी, पण विजेशी खेळायला गेली." मी ऐकून घेते. घरी येते. 

तुझी बोली मला नीट लिहिता येत नाही, हे तू जाणतेस. मी लिहिते ती शाळेची भाषा. तू हसायचीस तिला. तरी तिच्यातच लिहिते आहे, कारण खोटं न बोलता लिहायची सवय मला तिच्यातच आहे.

मी पापडीत सून म्हणून आले आणि वर्षाच्या आतच तुझ्या ओटीवर आले. दुसरी मोठी लढाई चालू होती. आमच्या सासऱ्यांचा रेकॉर्डी वाजवायचा मोठ्या कर्ण्याचा फोनो बंद पडला होता आणि मुंबईला नेला तर सुटे भाग मिळत नाहीत असं उत्तर आलं होतं. कुणीतरी सांगितलं, चर्चच्या मागे एक बाई आहे, तिचा नवरा आगबोटीवर होता, ती उघडते असली यंत्रं. सासऱ्यांना ते पटलं नाही. पण फोनो मुका पडून होता आणि ते संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसायचे, म्हणून मी गड्याच्या डोक्यावर तो देऊन तुझ्याकडे घेऊन आले.

तू माझ्याच वयाची निघालीस. तुझ्या नवऱ्याची, जोकीमची, बोट बुडाल्याची तार येऊन तेव्हा सात महिने झाले होते. तुझी लेक फिलू पाळण्यात होती. जोकीमने एका सफरीवरून आणलेली हातात धरून न्यायची फोनोची पेटी तुझ्याजवळ होती आणि तो गेल्यावर महिन्याभरात तिची स्प्रिंग तुटली होती. ती तू स्वतः उघडलीस, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात तुला ती द्यायची नव्हती. तिथून तुझा धंदा सुरू झाला. नंतर नाळ्याहून, सोपाऱ्याहून, पार विरारहून माणसं फोनो घेऊन यायची, तेव्हा ही सुरुवात कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या दिवशी आमच्या फोनोच्या पोटातून तू लोखंडी डबा काढलास आणि म्हणालीस, "मास्तरीणबाय, मागं सर."

"का?"

"हिच्यात स्प्रिंग हाय. किती पिळलेली हाय ते वरून दिसत नाय."

मी एकच पाऊल मागे सरले. तू डबा गोणपाटात धरून झाकण सैल केलंस. नागाने फुत्कारावं तसा आवाज झाला आणि हातभर लांबीचं पोलाद गोणपाट फाडून बाहेर आलं. तुझ्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उठली. तू ती पदराला पुसलीस आणि मला म्हणालीस, "सांगितल्यावर दोन पावलं सरायचं, एक नाय." हसून म्हणालीस. पण तेव्हापासून मी तुझ्याकडे काम चालू असताना जरा लांबच बसायला लागले.

तुझ्या ओटीवर काय काय नसायचं. कर्णेवाले जुने फोनो, ज्यांचा पितळी कर्णा पोरं डोक्यात घालून ओरडायची. कर्णा पोटात लपवलेली कपाटाएवढी यंत्रं, बंगल्यांतून आलेली. आणि सगळ्यात जास्त त्या झाकणाच्या पेट्या, ज्या लग्नाला, बारशाला, नावेत, कुठेही नेता येतात. सुई जिथे बसते त्या डबीत अभ्रकाची पातळ चकती असते, तीच गाते, हे तू मला दाखवलंस. लढाईत सुयांची डबी मिळेनाशी झाली तेव्हा तू बाभळीचे काटे निवडून लावलेस. काट्यावर आवाज दबका यायचा, शेजारच्या खोलीत कुणी गात असल्यासारखा. मला तो आवडायचा. तुला नाही. तू म्हणायचीस, असला आवाज ऐकला की मागं वळून बघावंसं वाटतं.

माझं बाळ आठव्या दिवशी गेलं त्या आठवड्यात तू पेटी घेऊन आमच्याकडे आलीस. सासूबाई रागावल्या, सुतकात गाणं कसलं म्हणाल्या.  माझ्या खोलीत पेटी उघडलीस, किल्ली दिलीस आणि रेकॉर्ड न लावताच थाळी फिरत ठेवलीस. तिच्यावरचं हिरवं मखमली कापड गोल गोल फिरत राहिलं. आपण दोघी बघत बसलो. ती मंद झाली की तू पुन्हा किल्ली द्यायचीस. दुपार गेली. तेवढी एक दुपार मी रडले नाही. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते, तेव्हा मला तूच सावरलंस.

आणि ही विजेची पेटी तुझ्या घरात मी आणली.

रस्त्यावर खांब येऊन तीन वर्षं झाली होती. चर्चमध्ये वीज आली, मग दवाखान्यात, मग ज्यांना जमलं त्यांच्या घरांत. तू एक दिवा आणि एक पॉइंट घेतलास. माझा धाकटा भाऊ अण्णा मुंबईत यंत्रांच्या दुकानात कामाला. तो सांगायचा, किल्लीचे फोनो आता संपले. आता विजेवर फिरणारी पेटी येते, तीन वेगांची. जुन्या लाखेच्या रेकॉर्डी तर वाजतातच, शिवाय नव्या येतात त्या पडल्या तरी फुटत नाहीत आणि एका बाजूला वीस-वीस मिनिटं चालतात. गाणं मध्ये तोडावं लागत नाही.

मी ते सगळं तुला येऊन सांगितलं. तू एका पेटीला तेल देत होतीस.

"किल्लीचं बरं," तू म्हणालीस. "किती जोर भरला ते हाताला कळतं."

"वीस मिनिटं हात न लावता वाजतं, रेजीन. लग्नात तुला उभं राहावं लागणार नाही."

"मला उभं राहायचा कंटाळा नाय."

"लोक आता तेच मागणार."

"मागू दे."

दीड वर्ष आपण हा वाद घातला. मी शिकलेली, मी शहाणी, मी तुला मागासलेली म्हटलं. एकदा तर म्हटलं की जोकीमची पेटी सोडवत नाही म्हणून तू कारणं काढतेस.  त्यानंतर आठ दिवसांनी म्हणालीस, "आण तुझ्या भावाची पेटी." मी जिंकले होते. जिंकल्याचा आनंद मला झाला, हेही लिहून ठेवते.

अण्णाने पेटी आणली त्या रविवारी अर्धी आळी तुझ्या ओटीवर होती. नवी रेकॉर्ड लागली आणि सगळे गप्प झाले. मागची खरखर नव्हती. गाणारी बाई श्वास घेते तेही ऐकू येत होतं. फक्त गाणं सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पेटीतून एक घुमणारा आवाज यायचा. हूं असा, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. अण्णा म्हणाला, विजेचा आवाज असतो तो, असायचाच. लोकांना तो ऐकूही आला नाही. तू मात्र कान पेटीच्या लाकडाला लावून बसलीस.

चार दिवसांनी तू शाळेच्या फाटकाशी उभी होतीस.

"मास्तरीणबाय, ती पेटी चावते गो."

"म्हणजे?"

"सुईच्या दांडीला हात लावला की मुंगी चावल्यासारखं. रोज नाय. कधी चावते, कधी नाय."

मी अण्णाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं की हात ओले असतील, कोरडे करून लावावे, यंत्रात दोष नाही. मी तेच तुला वाचून दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "हात कोरडे होते."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, वादात हरली म्हणून आता दोष काढते. माझ्या भावाने आणलेली वस्तू हिला चावते. तू पुन्हा दोनदा तेच बोललीस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तुझी मांजरी पूर्वी पेट्यांच्या झाकणावर झोपायची, ती त्या कोपऱ्यात जाईनाशी झाली. फिलूने ते मला दाखवलं. मी म्हटलं, मांजरं अशीच असतात.

मग तू दुसऱ्या कुणाला विचारायचं सोडून स्वतःच शोध घ्यायला बसलीस. पंधरा दिवस लागले तुला. एका सकाळी मला हात धरून नेलंस. पॉइंटसमोर लाकडी पाट ठेवला होता. त्यावर तू चढलीस आणि बोटाची पाठ दांडीला लावलीस. "आता नाय चावत." मग पिन काढलीस, उलटी फिरवून तीच पिन पुन्हा लावलीस आणि बोट लावलंस. बोट आपोआप झटकलं गेलं. पाटावर असूनही.

"बघितलंस? पिनीच्या दोन काड्या सारख्या दिसतात, पण एका बाजूनं लावली की वीज आतल्या लोखंडावर येते. दुसऱ्या बाजूनं लावली की येत नाय. बोट पालथं लावायचं. सरळ लावलं तर हात धरून ठेवते ती."

हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. अण्णाला मी नंतर विचारलं तेव्हा तो चपापला आणि म्हणाला, हो, या जातीच्या यंत्रांत असं होतं खरं. ज्याने विकलं त्याने सांगितलं नव्हतं, आणि तू पंधरा दिवसांत शोधून काढलंस. पिनीच्या एका अंगाला तू लाल लाखेचा ठिपका लावलास, घरच्या पॉइंटला तसाच दुसरा. ठिपक्याला ठिपका. बाहेर कुठे नेलीस तर आधी पाट मागायचीस, पालथं बोट लावून बघायचीस, मग तिथल्या पॉइंटला खडूने खूण करायचीस आणि मोठ्याने सांगायचीस, "पिनीला कुणी हात लावू नका." लोक हसायचे. म्हणायचे, रेजीनबाय पेटीची दृष्ट काढते. मीही हसले आहे.

"ही पेटी परत दे तुझ्या भावाला," तू एकदा म्हणालीस. "एक दिवस ही कुणाला तरी खाईल."

"तू एवढी काळजी घेतेस ना, मग काय होणार आहे?"

"मी घेते. बाकीचे नाय घेत."

मी परत दिली नाही. भावाचं मन दुखेल म्हणून मी ते पुढे ढकलत राहिले. पावसाळ्यानंतर बघू, म्हटलं.

लग्न पावसाळ्यानंतरचं पहिलंच होतं. इनासकाकांच्या मुलीचं, लुर्दीनचं. सकाळी तू मांडवाला लागून ओसरीवर पेटी मांडलीस, पाटावर चढून बोट लावलंस, ओसरीच्या भिंतीवरच्या पॉइंटला खडूची खूण केलीस. मला म्हणालीस, "मी विहिरीवर जाते लग्नाचं पानी आणायला बायकांबरोबर. तू इथं बस. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाय."

मी बसले. वाजत गाजत तुम्ही गेलात. मागे मांडववाल्यांचा माणूस आला, त्याने दिव्यांची माळ लावून बघायला पिन उपटली. मी त्याला काही म्हटलं नाही. त्याची माळ पेटली, त्याने ती काढली आणि निघून गेला. पाट नवरीसाठी आत गेला. भिंतीला खेटून पोरं बसली होती, त्यांच्या पाठींनी खडूची खूण पुसली गेली. हे सगळं माझ्या समोर घडलं.

विहिरीवरून बायका परत येताना दिसल्या. इनासकाका घाईला आले, "अहो बाई, गाणं सुरू करा, लोक दारात आले." मी पिन उचलली. तिच्यावरचा लाल ठिपका मला दिसला. तो कुठल्या बाजूला यायचा ते मला आठवेना. एक क्षण मी थांबले. मग जशी हातात होती तशी ती आत खुपसली.

तू आलीस. पायांवरून पाणी ओघळत होतं, ओसरीची सारवलेली जमीन घागरींनी भिजलेली. तू माझ्याकडे बघितलंस.

"पिन कुणी काढली?"

"माळवाल्याने. मी लावली परत."

"बघून लावलीस?"

"हो गो. बघून लावली."

एवढंच. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. वर्षभरात पहिल्यांदा तू पाट मागितला नाहीस, पालथं बोट लावलं नाहीस. रेकॉर्ड ठेवलीस आणि दांडी मुठीत धरलीस.

पुढचं मी लिहीत नाही. तुझ्या तोंडून आवाज आला नाही. पेटीतून तेवढा तो हूं चालू होता. कुणाला कळलंच नाही आधी. तू दांडी धरून वाकून उभी होतीस, रेकॉर्डवरचं नाव वाचत असल्यासारखी. मला कळलं. मी पिन उपटली तोपर्यंत उशीर झाला होता.

पंचनाम्यात लिहिलं की ओल्या जमिनीमुळे आणि निष्काळजीपणाने अपघात. निष्काळजी कोण, ते लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला तूच वाटशील. पिन कुणी लावली ते मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. फादर मला म्हणाले की तुमची जिवाभावाची मैत्रीण होती, महिन्याच्या मिस्सेनंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तिच्या घराच्या अंगणात माणसं जमतील तेव्हा चार शब्द बोला. मी हो म्हटलं. मग मी चार शब्द लिहायला बसले आणि तीन दिवस एकही शब्द आला नाही.

काल दुपारी फिलूकडे गेले. ती ओटीवर एकटीच होती, एका गिऱ्हाइकाची राहिलेली पेटी समोर घेऊन. पंधरा वर्षांची आहे, पण आता तिच्याकडे बघून वय सांगता येत नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. माळवाला, पुसलेली खूण, ठिपका, तू विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. सगळं.

तिने हातातला पाना खाली ठेवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी आईच्या मागेच होते. घागर होती माझ्या डोक्यावर. तिनं विचारलेलं मी ऐकलं."

"मग इतके दिवस तू कुणाला..."

"तुम्ही येता का ते बघत होते."

मी खाली बसले. मला वाटलं ती मला घालवून देईल, किंवा रडेल. दोन्ही झालं नाही.  मी क्षमा मागितली. तिने ती दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग म्हणाली, "मावशी, तुम्ही मला सांगून काय उपयोग? सगळं गाव म्हणतं आईला विजेतलं कळत नव्हतं. नाळ्याचा तो माणूस काल ही पेटी परत मागायला आला होता. म्हणाला, तुझी आई गेली, तू तरी हे सोड, बायकांचं काम नाही हे. मी त्याला काय सांगू? माझं कोण ऐकणार?"

"मी सांगते त्याला."

"त्याला एकट्याला नको. रविवारी सगळे येणार आहेत. तिथे सांगा. तुमचं काय होईल ते मला माहीत नाही."

मलाही माहीत नाही. शाळा राहील की नाही, फौजदार पुन्हा येतील की काय, सासरचे काय म्हणतील, अण्णाचं काय होईल. काल संध्याकाळपासून दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघते. नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गेलेलं माणूस परत येणार आहे का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग?" 

पण लिहायला बसले आणि हे सगळं एका दमात आलं. फादरांनी मागितलेले चार शब्द हे नव्हेत, पण रविवारी मी हेच वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. मध्येच माझा आवाज गेला तर फिलू पुढे वाचेल, असं आमचं ठरलं आहे. आणि शेवटी कागद खाली ठेवून मी तुझ्या घराकडे तोंड करून जमलेल्या माणसांना सांगणार आहे, की या गावात विजेतलं एकाच माणसाला कळत होतं. तिने मला विचारलं होतं. मी तिला खोटं सांगितलं.